आत गार, बाहेर भट्टी: छोट्या शहरातली नगरपालिका कशी बांधावी?

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलण्यातली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय जरा सरकारी वाटेल. छोट्या शहरातली नगरपालिका, वाचनालय, दवाखाना, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीच्या इमारती. त्या उन्हाला, पाणीटंचाईला आणि पुढच्या तीस वर्षांना पुरतील अशा कशा बांधायच्या? मी आर्किटेक्ट नाही, सिव्हिल इंजिनिअरही नाही. बीटेक कॉम्प्युटरमध्ये केलं आणि पोटापाण्यासाठी कोड लिहिते. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एका चिकट माणसाने वर्षभर वाचून, आणि जाणकारांना प्रश्न विचारून भंडावून जमवलेलं आहे असं समजा.

सुरुवात एका दाखल्यापासून करते.

मागच्या वर्षी आमचे आजोबा गेले. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांच्या नावातली एक वेलांटी चुकली आणि तेवढ्यावरून बँकेचं काम अडलं. म्हणून मे महिन्यात आजीला घेऊन नगरपरिषदेत गेले. मराठवाड्यातली एक नगरपरिषद. नाव घेत नाही, कारण अशी ती एकटी नाही. इमारत नवी कोरी. समोरून निळी काच, कडेने एसीपीचे चकचकीत पत्रे. काचेचं तोंड पश्चिमेला. जन्म-मृत्यूचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्याच्या डोक्यावर थेट गच्ची. रांग बाहेरच्या बोळात. आणि त्याच बोळात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आतल्या केबिनच्या दोन एसींची बाहेरची युनिटं बसवलेली.

एसी म्हणजे काय? खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकणारं यंत्र. इथे 'बाहेर' म्हणजे रांग. साहेबांच्या खोलीतली उष्णता उचलून ती रांगेतल्या माणसांच्या तोंडावर फेकली जात होती.

आजी पाऊण तास उभी राहिली. मग भिंतीला टेकली, मग फरशीवरच बसली. पाण्याचा कूलर होता, पण बंद. पदराने घाम पुसत ती म्हणाली, "आत गार, भाईर भट्टी. ह्ये बांधलं कुणासाठी गं?" मी काही उत्तर द्यायच्या आत तिला घेरी आली. तिथून थेट दवाखाना आणि सलाईन. दाखला त्या दिवशी मिळाला नाही तो नाहीच.

त्या इमारतीच्या कोनशिलेवर 'हरित इमारत' असं कोरलेलं आहे. पुढच्या खेपेला ओळख काढून गच्चीवर गेले. सोलर पॅनेल होते, त्यांच्यावर धुळीचा थर. ते धुवायला गच्चीवर नळच नव्हता. पावसाचं पाणी जिरवण्यासाठी पाइप होता, तो खाली जाऊन गटारात सोडलेला. म्हणजे यादीतल्या सगळ्या वस्तू हजर होत्या. काम मात्र एकही करत नव्हती.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. कुठलीही सिस्टीम बघितली की आधी विचारायचं, ही बंद कशी पडेल? बंद पडली तर किती पडेल, आणि कुणावर पडेल? वीज गेली, पाणी आलं नाही, माणूस बदलला, पैसे संपले, की काय उरतं? छोट्या शहरात हे चारही प्रकार दरवर्षी होतात. म्हणून माझ्या मते टिकाऊ इमारतीची व्याख्या सोपी आहे. या चारही गोष्टी घडल्यावरसुद्धा रांगेतल्या शेवटच्या माणसाला जी सावली, वारा आणि पाणी देते, ती टिकाऊ इमारत. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता एकेक बघू. उदाहरण लातूर आणि आसपासच्या भागाचं घेते, कारण तो मला माहीत आहे.

ऊन नेमकं कुठून येतं

शून्य सावलीचा दिवस शाळेत कुणी दाखवला असेल तर आठवा. लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच पडते. याचा इमारतीसाठी अर्थ काय? मेच्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊनच पडत नाही. सगळा मारा गच्चीवर. आणि सकाळ-संध्याकाळ, सूर्य खाली असताना, पूर्व आणि पश्चिम भिंतींवर.

म्हणजे आपली मोठी संकटं दोन: छत आणि पश्चिम. त्या नगरपरिषदेने पश्चिमेला काच लावली होती आणि सगळ्यात जास्त गर्दीचा विभाग छताखाली ठेवला होता. दोन्ही चुका एकाच नकाशात.

दक्षिणेचा सूर्य मात्र सज्जन आहे. तो उंच असतो, त्यामुळे छज्जा त्याला अडवतो. २१ मार्चच्या सुमारास दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जवळपास ७२ अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटांचा छज्जा त्याच्या खालच्या सहा फूट भिंतीवर सावली टाकतो. गणित साधं आहे, दोन गुणिले टॅन ७२. पश्चिमेला हा हिशोब चालत नाही. पाच वाजता सूर्य इतका खाली येतो की छज्जा कितीही लांब काढला तरी ऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे उभी जाळी लागते, झाडं लागतात, किंवा मग तिथे माणसांनी बसूच नये अशी रचना लागते. जिने, स्वच्छतागृहं, जुन्या फायलींची खोली हे सगळं पश्चिमेला ढकलायचं. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवायची, म्हणजे तिच्या लांब भिंती उत्तर-दक्षिण होतात. खिडक्या तिथे, रांग उत्तरेच्या ओसरीत, आणि गर्दीचे विभाग तळमजल्यावर.

यात एक रुपयाचं यंत्र नाही. हे सगळं नकाशा काढतानाच ठरतं, आणि नंतर बदलता येत नाही. एनर्जीप्लस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात मी एक साधी तीन मजली इमारत काढून बघितली. कोड लिहिणाऱ्याला खेळायला बरं असतं. अपेक्षेप्रमाणे वरच्या मजल्यावरची सगळ्यात जास्त उष्णता छतातून येत होती. छताला सावली दिली की आकडे लगेच खाली. भिंतींना कितीही नटवलं तरी एवढा फरक पडत नव्हता.

छताला सावली कशी द्यायची? आपल्याकडे उपाय जुनेच आहेत. ब्रिकबॅट कोबा, त्यावर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. किंवा चुन्याचा पांढरा हात. किंवा सोलर पॅनेल माणूस खालून चालेल एवढे उंच बसवायचे, म्हणजे वीजही मिळते आणि स्लॅबवर सावलीही पडते. ढोबळ हिशोब असा की एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. सरकारी कचेरीला हे जमतंही छान, कारण ऊन आणि कामाचे तास एकच असतात.

उष्णतेचं वेळापत्रक

आता मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग.

उष्णता भिंतीतून लगेच आत येत नाही, तिला वेळ लागतो. पातळ काँक्रीटच्या स्लॅबमधून चार-पाच तास. जाड दगडी भिंतीतून दहा-बारा तास, कधी जास्त. म्हणजे दुपारी साडेबाराचं ऊन स्लॅबमधून संध्याकाळी पाचच्या सुमारास आत पोचतं. सरकारी कार्यालयांची वेळ २०२० पासून पावणेदहा ते सव्वासहा आहे. स्लॅबची उष्णता बरोबर कामाच्या शेवटच्या तासांत माणसांवर उतरते.

जाड भिंत हेच काम रात्री करते. आमच्याकडच्या जुन्या घरांत, दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, दुपारी आत गेलं की गार वाटायचं. पण रात्री भिंती तापलेल्या असायच्या, म्हणून माणसं उन्हाळ्यात अंगणात किंवा माळवदावर झोपायची. घरासाठी ही थोडी अडचण होती. पण कचेरी रात्री रिकामी असते! जाड, जड बांधकामाचा सगळ्यात मोठा तोटा कचेरीला लागूच होत नाही. दिवसभर वस्तुमान उष्णता पिऊन घेतं, रात्री कुणी नसताना सोडतं. इथे मेमध्ये दुपार चाळिशीच्या घरात असली तरी पहाट साधारण पंचविशीवर येते. ती पहाटेची हवा आत घेतली, तर भिंती आणि फरशी दुसऱ्या दिवसासाठी गार होऊन बसते.

अडचण एकच. संध्याकाळी साडेसहाला शिपाई सगळ्या खिडक्या लावून कुलूप घालतो, आणि त्याचं बरोबरच आहे. चोरी झाली तर जबाब त्याला द्यावा लागतो. म्हणजे ज्या वेळी वारा हवा त्याच वेळी इमारत बंद. म्हणून वर, छताजवळ, लोखंडी गज आणि जाळी लावलेले झरोके हवेत. पाऊस आत येणार नाही, कबुतर येणार नाही, आणि मार्च ते जून रात्रभर उघडे राहिले तरी कुणाची झोप उडणार नाही. वाड्याच्या मधल्या चौकाने हेच केलं होतं. गरम हवा वर जाऊन निघून जाते, खालून गार येते.

आणि एक विनंती, पीओपीचं फॉल्स सीलिंग लावू नका. मधल्या मजल्यांचे स्लॅब उघडे राहिले तर ते दिवसा उष्णता पितात. त्यांच्याखाली पीओपी लावलं की वस्तुमान झाकलं जातं, आणि आपण आपल्या हाताने गारवा बंद करून ठेवतो.

किल्लारी

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग बांधा की दगडी भिंती. हे आजीसमोर बोलायची माझी हिंमत नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जनाची रात्र संपून माणसं नुकतीच झोपली होती. किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा होता, म्हणजे जगाच्या मानाने फार मोठा नाही. तरी जवळपास दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं दुसरीकडे नव्याने वसवावी लागली. आजीचं सासर औसा तालुक्यातलं. ती त्या रात्री आजारी भावाकडे लातूरला होती म्हणून वाचली. तिची थोरली जाऊ वाचली नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आमच्या घरात आजही दगडी भिंतीला टेकून कुणी झोपत नाही.

माणसं मारली ती त्याच गार घरांनी. भिंती दोन पदरी, आतला दगड आणि बाहेरचा दगड वेगळा, मध्ये मातीचा गिलावा आणि चिपा. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्याने पदर सुटे झाले. वर माळवदाची माती, गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी वाढवत नेलेली, कुठे कुठे दोन फूट. भूकंपाचं बल वजनाच्या प्रमाणात वाढतं. जेवढं डोक्यावर जड, तेवढा धक्का मोठा. जिथे माळवद भक्कम लाकडी खांब आणि तुळयांवर होतं तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही छत तरलं. बाकी सगळं खाली आलं. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

त्यानंतर लोकांनी दगड आणि माती मनातूनच काढून टाकली. सगळीकडे स्लॅब आला. आजी म्हणते, "स्लॅबाखाली जीव वाचतो, पण भाजून निघतो." टिकाऊ इमारतीच्या चर्चेत शहरातले तज्ज्ञ मातीच्या भिंतींबद्दल प्रेमाने बोलतात, तेव्हा मला हे वाक्य आठवतं. जी इमारत उभी राहत नाही ती कसली टिकाऊ? आणि जिच्यात दुपारी माणूस बसू शकत नाही, तीही कसली?

उत्तर दोन्हींच्या मध्ये आहे. माझ्या एका सिव्हिलवाल्या मैत्रिणीने ते चार शब्दांत सांगितलं: वजन खाली, सावली वर. सांगाडा आरसीसीचा, तिसऱ्या क्षेत्राच्या नियमांप्रमाणे. किंवा दोनच मजले असतील तर नीट विटांचं बांधकाम, जोता, लिंटेल आणि छत अशा तिन्ही पातळ्यांवर आडव्या काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधून टाकलेलं. उष्णता पिणारं वस्तुमान फरशीत, तळमजल्यावर आणि मधल्या स्लॅबमध्ये, जिथे ते सांगाड्याला नीट बांधलेलं असतं. काळा दगड वापरायचा तर तो जमिनीवर घाला, डोक्यावर नको. बाहेरच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या, त्या उष्णता अडवतात आणि सांगाड्यावर भारही कमी टाकतात. छत मात्र हलकं, पांढरं आणि सावलीतलं. माळवदाचं काम करायचं, पण मातीचं वजन न घेता.

आणि पाया. आमच्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा पायालगत घेऊ नये, इमारतीपासून लांब, बोअरशी न्यावा. नाहीतर पर्यावरण वाचवताना भिंतीला तडा जायचा.

किती गार म्हणजे गार?

बऱ्याच अंदाजपत्रकांत आरामदायक म्हणजे २४ अंश, म्हणजे एसी, असं धरलेलं असतं. पण आपल्या देशातच यावर चांगलं काम झालंय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने वेगवेगळ्या हवामानांतल्या कार्यालयांत माणसांना विचारून एक सूत्र काढलं गेलं, आणि ते २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही आलं. खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत, बाहेरच्या गेल्या तीस दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि त्यात १२.८३ मिळवायचे. सरासरी ३३ असेल तर उत्तर येतं ३०.६५. त्याच्या वर-खाली २.३८ अंश, म्हणजे साधारण २८ ते ३३ अंशांत १०० पैकी ९० माणसांना बरं वाटतं.

म्हणजे आपल्याला २४ गाठायचेच नाहीत. बाहेर ४० असताना आत ३२-३३ आणि डोक्यावर पंखा, एवढं जमलं की बस्स. पंख्याचा वारा अंगावर आला की दोन-तीन अंश कमीच वाटतात. जुना पंखा ७५ वॅट खातो, आताचा बीएलडीसी तीस-पस्तीस. रांगेत असे पाच-सहा पंखे लावले तरी एका एसीपेक्षा कितीतरी कमी वीज लागते. एसी लागलाच तर सर्व्हरच्या खोलीला लावा, सभागृहाला लावा. बाहेरचं युनिट गच्चीवर, किंवा जिथे माणूस उभा राहत नाही अशा भिंतीवर.

गंमत म्हणजे ही संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या इमारतींसाठी लिहिलेली. छोट्या नगरपरिषदेची इमारत बहुतेकदा त्याच्या खालीच राहते. नियम लागू नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. विचारायचं काम मग आपलं.

रेल्वेएवढं पाणी

एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि पाणी साधारण पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली. आम्ही तेव्हा भांडी विसळलेलं पाणी झाडांना आणि झाडांना घालून उरलेलं संडासात टाकत होतो.

आता एक गणित. एक हजार चौरस मीटरची गच्ची, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या नगरपालिकेची. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरू. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं समजू. हातात येतं पाच लाख साठ हजार लिटर. एका वर्षात एका गच्चीवर ती पहिली रेल्वे उतरते, आणि आपण तिला गटारात सोडतो.

पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कार्यालयासाठी मानक धरलं जातं माणशी रोज ४५ लिटर. शंभर कर्मचारी, ४,५०० लिटर रोज. वर्षाचे २५० दिवस, सव्वाअकरा लाख लिटर. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वेगळंच. म्हणजे पावसाने निम्मी गरज भागते. आणि तोही सगळा चार महिन्यांत पडतो, गरज असते मेमध्ये. साठवायचं ठरवलं तर एक लाख लिटरची टाकी म्हणजे पाच बाय आठ मीटर आणि अडीच मीटर खोल. ती पुरते बावीस दिवस. नळांना फेस आणणाऱ्या जाळ्या आणि कमी पाण्याचे फ्लश बसवून वापर निम्म्यावर आणला तर चव्वेचाळीस. म्हणजे आधी वापर कमी, मग टाकी, आणि उरलेलं बोअरला. क्रम उलटा केला की टाकी कोरडी आणि कोनशिला ओली.

बावीस दिवस कमी वाटतात? टँकर येईना म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप लागलेलं ज्यांनी बघितलंय, विशेषतः बायकांनी, त्यांना विचारा. दाखल्याच्या रांगेत चार तास उभं राहायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिता येणाऱ्या बायका मी त्या बोळात बघितल्या आहेत. आजी त्यातलीच एक होती. घेरी नुसत्या उन्हाने आली नव्हती.

दर दोन वर्षांनी कोण करणार?

हे सगळं लिहून मी त्या नगरपरिषदेला अर्ज दिला. आवक क्रमांक मिळाला. दोन महिने काही नाही. मग बांधकाम विभागातल्या एका तरुण अभियंत्याचा फोन आला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण त्याने अर्ज खरंच वाचला होता.

तो म्हणाला, "मॅडम, गच्चीला पांढरा रंग देता येईल, पैसे फार नाहीत. पण दर दोन वर्षांनी तो कोण देणार? बांधायला निधी येतो, सांभाळायला येत नाही."

मी गप्प झाले, कारण तो माझ्याच धंद्यातलं बोलत होता. सॉफ्टवेअर लाँच करायला सगळे येतात, केक कापतात. तीन वर्षांनी ते चालू ठेवायला एकटा कुणीतरी असतो, आणि त्याच्याकडे पासवर्डसुद्धा नसतो.

त्यानंतर आम्ही बऱ्याचदा बोललो. त्याच्याकडून मी दोन गोष्टी शिकले. एक, अंदाजपत्रक दरसूचीवर चालतं. सूचीत नसलेली बाब घालायची तर तिचा दर सिद्ध करा, मंजुरी घ्या, आणि पुढे लेखापरीक्षणात उत्तर द्या. म्हणून नवं काही सुचवताना आधी बघायचं की हे नेहमीच्या बाबींतून होतं का. कोबा, छज्जा, जाळी, ओसरी हे कुठल्याच अभियंत्याला नवीन नाही. ते फक्त योग्य दिशेला काढायचं असतं. दुसरी, निविदेतच पाच वर्षांची देखभाल लिहून घेतली तर पॅनेल धुतले जातात. नाही लिहिली तर उद्घाटनाचा हार वाळायच्या आत विसरले जातात.

यातून मी एक चाळणी बनवली. इमारतीतल्या प्रत्येक वस्तूसाठी तीन प्रश्न. ही बिघडली तर आपल्याच गावातला माणूस दुरुस्त करू शकतो का? तिची दरवर्षीची देखभाल कुणाच्या नावावर आणि कुठल्या लेखाशीर्षात आहे? आणि ती बंद पडली तर रांगेतल्या माणसाला काय होतं? तिन्हींची उत्तरं नसतील तर ती वस्तू कितीही हरित असो, पुढे ढकला. छज्जा या चाळणीतून सहज पार होतो. उत्तरेची ओसरी होते. कडुनिंबाचं झाड होतं, पहिली तीन वर्षं पाणी घालायला माणूस असेल तर. आपोआप फिरणारी काचेची पडदी होत नाही.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न: नवी इमारत हवीच का? जुनी पाडून नवी बांधण्यात जेवढं सिमेंट आणि लोखंड जातं, त्यापेक्षा जुन्या सांगाड्याची तपासणी करून, तो चांगला असेल तर छत आणि पश्चिम सुधारणं बहुतेकदा स्वस्त पडतं. पण दुरुस्तीला कोनशिला लागत नाही, ही खरी अडचण.

तर पुढे काय झालं

फार मोठं काही नाही. एसीची युनिटं बोळातून काढून मागच्या भिंतीवर गेली. जन्म-मृत्यूचा विभाग तळमजल्यावर आला, कारण तिथली एक खोली जुन्या फर्निचरने अडली होती, ती रिकामी केली. उत्तरेच्या बाजूला पत्र्याची शेड, तिच्यावर बांबूची चटई, खाली चार बाकडी आणि दोन पंखे. गच्चीवर एक नळ. पांढऱ्या रंगाचं प्रकरण अजून फायलीत आहे. पश्चिमेची काच तर तशीच राहणार, तिचं आता कुणी काही करू शकत नाही. म्हणूनच म्हणते, नकाशाच्या वेळी बोला.

ऐकणाऱ्यांना एकच काम सांगते. एप्रिलमध्ये एखाद्या दुपारी दोन वाजता तुमच्या नगरपालिकेत जा. काही काम नसलं तरी. रांगेत अर्धा तास उभे राहा. सावली आहे का, बसायला आहे का, पाणी आहे का, स्वच्छतागृह उघडं आहे का, एसीची गरम हवा कुठे पडते, एवढं लिहून घ्या. नवी इमारत येणार असेल तर नकाशा आणि अंदाजपत्रक बघायला मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. नकाशावर उत्तर दिशेचा बाण शोधा, मग काच कुठे आहे ते बघा. त्यासाठी आर्किटेक्ट असावं लागत नाही, ते मी स्वतःवरून सांगते.

दाखला मिळाला, वेलांटी दुरुस्त झाली. मी आजीला शेडचा फोटो दाखवला. तिने फोन जवळ धरून नीट बघितला आणि विचारलं, "मुतारी उघडी असती का आता?"

म्हटलं, परवा गेले होते तेव्हा उघडी होती.

"मंग बरंय," ती म्हणाली.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.